पूर्वरंगावाचून नाटक : ब्रिटिश दूरचित्रवाणीचे १९६५ हे वर्ष

दूरचित्रवाणीवरील नाटकाला वाङ्मयाच्या पंक्तीत बसवावे की नाही, हा वाद आमच्या परिषदांतून अधूनमधून निघतो आणि बहुधा चहाच्या वेळेपर्यंत मिटतोही. रंगभूमीवरचे नाटक हेच खरे नाटक, नभोनाट्य हे त्याचे धाकटे भावंड, आणि चित्रवाणीवरचे नाटक म्हणजे निव्वळ घरबसल्या करमणूक, अशी एक उतरंड आपण मनाशी रचून ठेवलेली असते. ती कितपत टिकते हे पाहावयाचे तर सामान्य विधानांचा उपयोग नाही. एखादे वर्ष आणि त्या वर्षातील दोनचार कृती डोळ्यांसमोर ठेवून विचार केला पाहिजे. आम्ही त्यासाठी ब्रिटिश दूरचित्रवाणीचे १९६५ हे वर्ष निवडले आहे. त्या वर्षी नाट्यशास्त्रातील एक फार जुना प्रश्न तेथील लोकांसमोर नव्या वेषात उभा राहिला, आणि तो शास्त्राचा प्रश्न आहे हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या ध्यानी आले, असे आमचे मत आहे.

वर्षाचा आरंभ एका अंत्ययात्रेने झाला. ३० जानेवारी रोजी विन्स्टन चर्चिल ह्यांना राजकीय इतमामाने निरोप देण्यात आला आणि तो सोहळा कोट्यवधी लोकांनी आपापल्या घरी बसून पाहिला. बीबीसीच्या वतीने त्याचे वर्णन रिचर्ड डिंबलबी करीत होते. शवपेटी घेऊन नौका टेम्स नदीतून निघाली असता काठावरच्या मालधक्क्यावरील क्रेन एकामागून एक माना झुकवीत गेल्या. ते दृश्य ज्यांनी पाहिले ते सहसा विसरलेले नाहीत. येथे सर्व काही विधिपूर्वक होते. काय पाहावयाचे, कोणत्या भावाने पाहावयाचे, केव्हा स्तब्ध व्हावयाचे, हे आधीच ठरलेले होते आणि सूत्रधाराचा आवाज ते संथपणे सांगत होता. हा सूत्रधार स्वतः कर्करोगाने ग्रस्त होता. २२ डिसेंबर रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, डिंबलबी ह्यांचे निधन झाले. ह्या दोन मृत्यूंच्या मध्ये जे घडले त्यात विधीचा भाग फार थोडा होता.

किरकोळ गोष्टींची नोंद झटपट उरकतो. १ ऑगस्टपासून दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. १३ नोव्हेंबरच्या रात्री केनेथ टायनन ह्या नाट्यसमीक्षकाने एका चर्चेत एक ग्राम्य शब्द उच्चारला आणि त्यावरून थेट पार्लमेंटात निषेधाचे प्रस्ताव मांडले गेले. त्याच महिन्याच्या ३ तारखेस एक नाटक दाखविले गेले आणि २६ तारखेस एक चित्रपट दाखविला जाणार नाही असे जाहीर झाले. गलबला सर्वांत अधिक मधल्या शब्दाचा झाला. समीक्षकाने लक्ष दिले पाहिजे ते अलीकडच्या आणि पलीकडच्या तारखेकडे.

आता शास्त्राकडे वळू. रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने अभिनवगुप्ताने सांगितली आहेत, हे आमच्या वाचकांतील अध्यापकांना नव्याने सांगावयास नको. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाची आहेत. प्रेक्षक समोरचे सुखदुःख हे माझे किंवा अमक्याचे, ह्या गावचे, ह्या काळचे असे मानू लागला की साधारणीकरण खुंटते. त्याचप्रमाणे तो स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असला तरीही रस अडतो. ह्यावर उपायही सांगितलेले आहेत. पूर्वरंग, प्रस्तावना, नटाचे नेपथ्य, गीत, वाद्य, सुशोभित मंडप, ह्या सर्वांचे प्रयोजन प्रेक्षकाला त्याच्या घरातून उचलून नाटकाच्या लोकात नेणे हे होय. आपल्याकडे नांदी गेली तरी तिसरी घंटा राहिली. दिवे मंद होतात, पडदा हलतो, आणि मनुष्य आपला व्यवहार क्षणभर बाजूला ठेवतो. चित्रवाणीच्या नाटकाला ह्यांपैकी काहीच नाही. ते घरातच येते. प्रेक्षकाच्या पुढ्यात जेवणाचे ताट असते, शेजारच्या खोलीत मूल रडत असते, आणि आताच संपलेल्या बातम्या कानांत घोळत असतात. अभिनवगुप्ताच्या दृष्टीने ही सारी विघ्नांची बैठक होय.

१९६५ सालच्या लेखक-दिग्दर्शकांचा विशेष असा की, त्यांनी हे विघ्न दूर करण्याचा प्रयत्न सोडून दिला आणि त्याचेच साधन केले.

बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन हे मूळचे कॅनडाचे. त्यांनी १९६४ साली 'द वेन्सडे प्ले' ही बुधवारची नाट्यमाला सुरू केली होती आणि १९६५ मध्ये तिचे निर्मातेपद जेम्स मॅक्टॅगर्ट ह्यांच्याकडे आले. जिवंत लेखकांकडून आजच्या जीवनावर नवी नाटके लिहवून घ्यावयाची, हे तिचे धोरण. आदल्याच वर्षी ट्रॉय केनेडी मार्टिन ह्या लेखकाने एक जहाल लेख लिहून, दिवाणखान्यात बसून संवाद म्हणणाऱ्या पात्रांचे नाटक चित्रवाणीने रंगभूमीकडून उसने घेतले आहे, ते टाकून द्यावे, असा पुकारा केला होता. त्या पुकाऱ्याला मिळालेले सर्वांत ठळक उत्तर म्हणजे ३ नोव्हेंबरचे 'अप द जंक्शन'.

नेल डन ही श्रीमंत घरातील तरुणी लंडनच्या बॅटर्सी ह्या कामगारवस्तीत जाऊन राहिली आणि तेथील मुलींचे बोलणे तिने छोट्या छोट्या शब्दचित्रांत उतरविले. ते पुस्तक १९६३ चे. त्यावरून केलेल्या नाटकाचे दिग्दर्शन केन लोच ह्यांनी केले आणि कथा-संपादक म्हणून टोनी गार्नेट त्यांच्या पाठीशी होते. कथानक म्हणावे असे त्यात थोडेच आहे. गोड पदार्थांच्या कारखान्यात काम करणाऱ्या तीन मुली, त्यांची गाणी, थट्टा, प्रेमप्रकरणे. आणि मध्येच त्यांच्यापैकी रूब हिचा एका बाईकडे जाऊन केलेला चोरटा गर्भपात. हातात धरावयाच्या हलक्या कॅमेऱ्याने रस्त्यांवर केलेले चित्रण, एकावर एक पडणारे आवाज, अर्धवट तुटलेले प्रसंग, ह्यांमुळे पाहणाऱ्याला नाटक केव्हा सुरू झाले हेच कळू नये अशी योजना आहे. ही मालिका बातम्यांच्या पाठोपाठ लागत असे. आपल्या नाटकांकडे लोकांनी नाटक म्हणून न पाहता बातम्यांचाच पुढचा भाग म्हणून पाहावे अशी आपली इच्छा होती, असे लोच ह्यांनी पुढे सांगितले आहे. म्हणजे पूर्वरंगाची जागा ह्या मंडळींनी बातम्यांना दिली.

रूब वेदनेने किंचाळत असता त्यावर एका डॉक्टरचा शांत आवाज ऐकू येतो. अशा चोरट्या गर्भपातांत किती स्त्रिया प्राणास मुकतात, ह्याची माहिती तो देतो. ह्या आवाजाविषयी आमचे मत द्विधा आहे, आणि ते लपविण्याचे कारण नाही. नीतीच्या दृष्टीने हा आवाज म्हणजे त्या कृतीचे धैर्य. कारण गर्भपाताचा कायदा त्या देशात १९६७ साली बदलला, तोवर ही गोष्ट बंद दाराआडच राहत होती. गार्नेट ह्यांची स्वतःची आई ते लहान असताना अशाच गर्भपातानंतर मरण पावली होती, आणि ही हकीकत त्यांनी उतारवयापर्यंत जगाला सांगितली नव्हती. हे कळल्यावर त्या आवाजाकडे निव्वळ तांत्रिक क्लृप्ती म्हणून पाहणे कठीण जाते. तथापि कलेच्या दृष्टीने तो आवाज पात्राच्या अंगावरून जातो. रूबचे किंचाळणे पुरेसे नाही, त्याला आकड्याचा आधार हवा, असा अविश्वास त्यात आहे. करुणाची जागा क्षणभर निवेदन घेते. हा दोष आम्हांला क्षम्य वाटतो, परंतु तो दोष आहे.

शेकडो तक्रारी आल्या. तक्रार करणाऱ्यांचे नेतृत्व मेरी व्हाइटहाउस ह्या शाळाशिक्षिकेने आदल्या वर्षापासून पत्करले होते आणि १९६५ मध्ये तिने प्रेक्षक-श्रोत्यांचा एक राष्ट्रीय संघही स्थापन केला. तिची टिंगल करण्याची प्रथा पडली आहे. आम्ही तिच्यात सहभागी होऊ इच्छीत नाही. तिचा मूळ मुद्दा असा की, नाटकगृहात मनुष्य तिकीट काढून, संकल्प करून जातो, आणि चित्रवाणी मात्र न विचारता त्याच्या घरात शिरते. आम्ही वर ज्याला पूर्वरंगाचा अभाव म्हटले तेच ह्या बाई आपल्या भाषेत सांगत होत्या. निदान बरोबर होते. उपाय मात्र चुकला. पूर्वरंग नाही म्हणून नाटकच नको, असा तो उपाय. आपल्याकडे 'श्यामा' ह्या कादंबरीवरचा अश्लीलतेचा खटला १९६९ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघेपर्यंत असाच युक्तिवाद वारंवार ऐकू येत होता, हे जाता जाता नमूद करतो.

ह्या युक्तिवादाचे खरे माप 'द वॉर गेम' ह्या कृतीने घेतले. पीटर वॉटकिन्स हे तेव्हा तिशीच्या आत होते. १७४६ सालच्या कलॉडनच्या लढाईचे चित्रण त्यांनी १९६४ मध्ये असे केले होते की जणू त्या रणांगणावर चित्रवाणीचे वार्ताहर हजर होते. तीच रीत त्यांनी आता भविष्यकाळाला लावली. केंट परगण्यावर अणुबाँब पडला तर काय होईल, हे त्यांनी तेथील सामान्य नागरिकांना पात्रे करून, पाऊण तासाहून थोड्या अधिक लांबीच्या चित्रपटात दाखविले. बेघर झालेल्यांना घरात घेण्याची सक्ती होते तेव्हा एक गृहिणी प्रथम विचारते ते हे की, येणारे लोक काळे आहेत काय. मग स्फोट, डोळे गेलेले मूल, शहर गिळणारे अग्नितांडव. नंतर प्रेतांची ओळख पटावी म्हणून त्यांच्या बोटांतून काढलेल्या लग्नाच्या अंगठ्यांनी भरलेली बादली. हे तपशील कल्पनेतून आलेले नाहीत. ड्रेस्डेन, हँबर्ग, हिरोशिमा, नागासाकी येथे जे प्रत्यक्ष घडले त्यातून ते वेचलेले आहेत. शेवटी मुलांना विचारतात, मोठेपणी तुम्हांला कोण व्हावयाचे आहे. आणि त्यांना काहीच व्हावयाचे नसते.

भाषेच्या अभ्यासकांनी ह्या चित्रपटातील निवेदनाचे काळ पाहावेत. एका वाक्यात निवेदक 'असे घडू शकेल' म्हणतो. पुढच्याच वाक्यात तो वर्तमानकाळात येतो आणि हे घडत आहे असे सांगतो. मध्येच पूर्वीच्या युद्धाचा दाखला भूतकाळात येतो. धर्माधिकाऱ्यांची आणि तज्ज्ञांची आश्वासक वचने आणि ही दृश्ये आलटून पालटून येतात. रस्त्यावरच्या माणसांना किरणोत्सर्गाविषयी साधे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची अज्ञानाची उत्तरे आपण ऐकतो. ही कृती प्रेक्षकाला फसविते असा आक्षेप घेतला जातो; पण जो निवेदक संकेतार्थ आणि वर्तमान ह्यांतील सीमा दर चार वाक्यांनी बोलून दाखवितो तो फसवीत आहे असे कसे म्हणावे? शास्त्राने देशकालाचा जो आवेश वर्ज्य सांगितला, तो येथे मुद्दाम जागविला आहे. हे तुझेच गाव, ही तुझीच गल्ली, हे तुझेच मूल, असे ही कृती प्रेक्षकाला सांगते. त्यामुळे येथे भयानक रसाचा आस्वाद नाही. आहे ते शुद्ध लौकिक भय. रसाच्या मापाने मोजल्यास कृती उणी ठरेल. आम्हांला मात्र असे वाटते की, ज्या संकटात लौकिक भय उत्पन्न होणे हेच शहाणपण आहे, तेथे आस्वादाची अपेक्षा करणे हा रसिकतेचा अतिरेक होईल.

सप्टेंबरात बीबीसीने हा चित्रपट वरिष्ठ सरकारी अधिकाऱ्यांना दाखविला. संस्थेचे अध्यक्ष लॉर्ड नॉर्मनब्रुक हे स्वतः पूर्वी मंत्रिमंडळाचे सचिव होते, ही गोष्ट येथे विसरू नये. २६ नोव्हेंबरला निर्णय जाहीर झाला. चित्रपट प्रक्षेपणाच्या माध्यमासाठी फार भयंकर आहे, आणि हा निर्णय आमचा स्वतःचा आहे, असा संस्थेच्या निवेदनाचा आशय होता. एकटी राहणारी वृद्ध माणसे, दुर्बळ मनाची माणसे तो पाहतील, अशीही काळजी व्यक्त झाली. चित्रपटगृहात तो दाखविण्यास मात्र पुढे मुभा मिळाली आणि माहितीपटासाठीचे अमेरिकेतील अकादमी पारितोषिकही त्याला १९६७ च्या समारंभात लाभले. मंडपात चालेल, घरात चालणार नाही, असा हा न्याय. ज्या घरांवर बाँब पडेल असे तो चित्रपट सांगत होता, त्याच घरांत तो जाऊ नये ह्यातील विसंगती निर्णय घेणाऱ्यांना दिसली नाही, किंवा दिसली म्हणूनच त्यांनी तसा निर्णय घेतला. वॉटकिन्स ह्यांनी बीबीसी सोडली. ब्रिटिश घरांत 'द वॉर गेम' पोहोचला तो ३१ जुलै १९८५ रोजी, हिरोशिमाला चाळीस वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या आठवड्यात. सहृदय हा घडवावा लागतो, असे आपले शास्त्र मानते. येथे तो वीस वर्षे अल्पवयीन ठरविला गेला.

घर ह्या शब्दाला त्या वर्षी आणखी एक अर्थ चिकटला. भारत-पाकिस्तानातून तेथे स्थायिक झालेल्या लोकांसाठी बीबीसीने ऑक्टोबरात हिंदुस्थानी भाषेतील कार्यक्रम सुरू केला. 'अपना ही घर समझिए' हे नाव त्याच उपक्रमातले. उलट, जुलैमध्ये जॉनी स्पेट ह्यांच्या 'टिल डेथ अस डू पार्ट' ह्या प्रहसनाचा पहिला नमुना-प्रयोग झाला, त्यातील गृहस्थ परक्यांना घराबाहेर काढण्याची भाषा बोलत होता. लेखकाला त्याचा उपहास अभिप्रेत होता. पुष्कळ प्रेक्षकांनी त्याला आपला प्रतिनिधी मानले. पूर्वरंग नसला की विनोदाचाही असा विपर्यास होतो.

आता ज्या कृतीला आम्ही ह्या वर्षातील श्रेष्ठ नाट्यकृती समजतो तिच्याकडे येतो. डेनिस पॉटर हे फॉरेस्ट ऑफ डीन भागातील खाणकामगाराचे पुत्र. शिष्यवृत्तीच्या बळावर ते ऑक्सफर्डला गेले, १९६४ साली मजूर पक्षातर्फे पार्लमेंटच्या निवडणुकीस उभे राहिले आणि पडले. त्या अनुभवावर त्यांनी 'व्होट, व्होट, व्होट फॉर नायजेल बार्टन' लिहिले. २३ जूनला ते दाखविले जाणार होते. काही तास उरले असता ते मागे घेण्यात आले, कारण निवडणुकीच्या राजकारणाविषयीचा त्यातील कडवटपणा वरिष्ठांना पेलला नाही. फेरफार होऊन ते १५ डिसेंबरला आले आणि त्याच्या आदल्या बुधवारी, म्हणजे ८ तारखेस, त्याच नायकाच्या पूर्वायुष्याचे 'स्टँड अप, नायजेल बार्टन' हे नाटक झाले. आमचे बोलणे ह्या पहिल्याविषयी आहे.

नायजेल हा हुशार मुलगा. गावच्या शाळेत बाई त्याला पुढे करतात आणि म्हणून बाकीची मुले त्याला छळतात. वर्गातील फुलाची चोरी त्यानेच केलेली असते, पण तो दुसऱ्या एका मुलाचे नाव घेतो, आणि हळूहळू सारा वर्ग त्या निरपराध मुलाविरुद्ध साक्ष देऊ लागतो. ह्या वर्गातील सर्व मुलांच्या भूमिका प्रौढ नटांनी केल्या आहेत. मोठाली माणसे लहान बाकांवर अवघडून बसलेली दिसतात. प्रथम हसू येते. नंतर हसू जाते, कारण ह्या वयातील क्रौर्य पुढे कोठे जात नाही, ते तसेच मोठे होते, हे शरीरानेच सांगितलेले असते. येथे बातम्यांचा आभास नाही, डॉक्टरचा आवाज नाही. उघड नाट्यसंकेत आहे, आणि तरीही घरात बसलेल्या माणसाला तो अडत नाही.

शेवटचा प्रवेश मात्र संपूर्णपणे चित्रवाणीचाच आहे. ऑक्सफर्डमध्ये असताना नायजेलने चित्रवाणीवर एक मुलाखत दिलेली असते. वर्गभेदाविषयी बोलताना त्याने आपल्या घराचा, बापाशी तुटलेल्या संवादाचा उल्लेख केलेला असतो. ती मुलाखत तो सुटीत, आईबापांसमवेत, त्याच घरातील बैठकीच्या खोलीत बसून पाहतो. पडद्यावरचा मुलगा सफाईने बोलतो आहे; खोलीतला मुलगा खुर्चीत आक्रसतो आहे. बाप दुखावतो. आईला, लोक आपले घर गलिच्छ समजतील, ह्याचे दुःख अधिक. ह्याच्या मुळाशी लेखकाचा स्वतःचा अनुभव होता; विद्यार्थिदशेत, १९५८ साली, बीबीसीच्या एका कार्यक्रमात पॉटर असेच बोलले होते आणि त्याचा मनस्ताप घरच्यांना झाला होता. ह्या प्रवेशाच्या वेळी ब्रिटनमधील लक्षावधी कुटुंबे अगदी अशाच खोल्यांत, अशाच पेटीपुढे बसलेली होती. प्रेक्षक आणि पात्र एकाच आसनावर बसले. लोच आणि वॉटकिन्स ह्यांनी घराचा उपयोग बाहेरचे जग आत आणण्यासाठी केला. पॉटर ह्यांनी घरात शिरणाऱ्या ह्या यंत्रानेच घराचे काय होते ते दाखविले, आणि त्यात स्वतःला निर्दोष ठेवले नाही. म्हणून आम्ही त्यांना वरचे स्थान देतो. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या आणि घरी गेल्यावर आईशी काय बोलावे हे न सुचलेल्या आपल्याकडील किती विद्यार्थ्यांना ही खोली ओळखीची वाटेल!

एक व्यावहारिक अडचण मात्र सांगितली पाहिजे. त्या काळात चित्रफिती पुसून पुन्हा वापरण्याची रीत असल्याने त्या वर्षीची कितीतरी नाटके आज नष्ट झाली आहेत, आणि ज्या कृती उरल्या त्यांवरूनच आपण मत देत आहोत. सुदैवाने नायजेल बार्टनची दोन्ही नाटके वाचली, आणि त्यांच्या संहिताही १९६० च्या दशकातच पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. आमच्या परिषदेच्या नाट्यवाचनात त्यांपैकी पहिल्याचा वर्गातील प्रवेश अनुवाद करून घ्यावा, अशी आमची सूचना आहे. भूमिका शाळेतील मुलांना देऊ नयेत. त्या सभासद अध्यापकांनीच कराव्यात.